गोठवलेली बेगमी : काका-पुतणीचा एक संवाद

बेगमी म्हणजे पुढच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेली साठवण, आणि मराठी घरांत अन्नाची बेगमी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाच्या जोरावर होत आली. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, पापड आणि सांडगे, कोकणातील आंबापोळी व फणसपोळी, किनाऱ्यावरील सुकट आणि सुके बोंबील ही सर्व तिचीच रूपे होत. अन्न नासते ते त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आणि त्याच्याच अंगी असलेल्या विकरांमुळे, म्हणजे पेशींतील रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनांमुळे. या दोहोंनाही आपले काम करण्यासाठी मोकळे पाणी लागते. वाळवण ते पाणी काढून टाकते, तर गोठवण त्याचा जागच्या जागी बर्फ करून त्याला अडकवून ठेवते. ज्या पदार्थांना बाजारात ‘फ्रोझन’ म्हणतात ते उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवलेले असतात. घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यातील चार-पाच अंशांच्या थंडाव्यात नासण्याची क्रिया मंदावते, पण थांबत नाही. म्हणून ‘थंड ठेवलेले’ आणि ‘गोठवलेले’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

या गोठवणीला व्यापारी रूप दिले ते अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी. लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर राहत असताना त्यांनी पाहिले की, तेथील इन्युइट लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत पाहता पाहता गोठतो आणि पुष्कळ दिवसांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. त्या निरीक्षणावरून त्यांनी १९२० च्या दशकात शीघ्र गोठवणीची यंत्रे घडवली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्‌समधील स्प्रिंगफील्ड शहरातील निवडक दुकानांत अशा पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली. एकाच छपराखाली किराणा, भाजी आणि घरसामान विकणारे प्रचंड दुकान ही कल्पना फ्रान्समध्ये कार्फूर या कंपनीने १९६३ मध्ये पॅरिसजवळ उभी केली. महाराष्ट्रात त्या कुळातील एक ठळक नाव असलेल्या डीमार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले. अशा दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून असलेली डीप फ्रीजरची रांग ही आज बेगमीची नवी गच्ची होऊ पाहत आहे, आणि ती तशी व्हावी की नाही, हा पुढील संवादाचा विषय आहे.

संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. काका रत्नागिरीकडील कोळंबी गोठवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासण्याचे काम करून निवृत्त झालेले आहेत, आणि पुतणी पुण्यात आहारशास्त्र शिकवते. दोघांची मते मात्र वयावरून बांधलेल्या अंदाजाच्या उलट आहेत : काका गोठवणीचे कैवारी, तर पुतणी साशंक. पुण्याच्या एका उपनगरात नव्याने उघडलेल्या मोठ्या सुपरमार्केटमधून काकांनी मटार, कोळंबी, पराठे, आलू टिक्की आणि उकडीचे मोदक अशी पाच पाकिटे आणली आहेत, आणि ती ज्या क्रमाने शिजतात त्याच क्रमाने वादही पुढे सरकतो.

मटार

पुतणी : काका, सासवडच्या बाजूने मटारच्या शेंगा पोत्यांनी मंडईत येतात. त्या सोडून कोठून तरी आलेला गोठलेला दाणा विकत घेण्यात कसले शहाणपण?

काका : शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातील साखरेचे स्टार्चमध्ये, म्हणजे पिठूळ घटकात, रूपांतर होऊ लागते, आणि म्हणूनच तोडल्या दिवशीचा मटार गोड लागतो व चौथ्या दिवशीचा पिठूळ. शेतातून आडत्याकडे, आडत्याकडून मंडईत, मंडईतून घरी आणि घरी फ्रिजमध्ये, असा प्रवास करून कढईत पडलेला दाणा केवळ गोठलेला नाही म्हणून त्याला ताजा म्हणायचे, हा शब्दाचा सैल वापर झाला. चांगल्या कारखान्यात तोडणीनंतर काही तासांतच दाणा सोलून, उकळत्या पाण्यात किंवा वाफेत थोडा वेळ धरून, लगेच थंड करून गोठवतात. या उकळीला ब्लांचिंग म्हणतात, आणि तिचा हेतू दाणा शिजवणे हा नसून विकरांना निकामी करणे हा असतो. कारण गोठवल्याने विकर झोपतात, मरत नाहीत, आणि ब्लांचिंग न केलेला मटार फ्रीजरमध्येही हळूहळू रंग व चव गमावतो. हंगामात मटार सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पिशव्या भरून ठेवणाऱ्या पुण्यातील कित्येक गृहिणी हेच तर करतात.

पुतणी : त्या उकळीत ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो, हेही सांगायला हवे.

काका : जातो, हे मान्य. पण त्यानंतर उणे १८ अंशांत ती घट फार मंद होते, आणि मंडईतल्या शेंगेत ती रोज चालू राहते. म्हणून तुलना करायची तर वेलीवरच्या दाण्याशी नव्हे, कढईपर्यंत पोहोचलेल्या दाण्याशी करावी.

पुतणी : मग घरी गोठवलेला मटार विकतच्या मटारपेक्षा मऊ का पडतो?

काका : गोठवण्याच्या वेगामुळे. अन्नातील बहुतेक पाण्याचा बर्फ उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात होतो. हा पट्टा झपाट्याने ओलांडला तर बर्फाचे असंख्य बारीक स्फटिक बनतात; रेंगाळत ओलांडला तर थोडेच पण मोठे स्फटिक वाढतात आणि पेशींच्या भिंती फाडतात, त्यामुळे वितळताना पाणी सुटून दाणा लिबलिबीत होतो. घरच्या फ्रीजरचा जोर कमी असतो, तर कारखान्यात जाळीदार पट्ट्यावरून सरकणाऱ्या दाण्यांवर खालून अतिथंड हवेचा झोत सोडतात, म्हणून प्रत्येक दाणा उडत-उडत स्वतंत्रपणे गोठतो. त्या पद्धतीला उद्योगात आयक्यूएफ, म्हणजे सुट्या नगांची शीघ्र गोठवण, असे नाव आहे. दुकानात पिशवी हलवावी : मटार खुळखुळला तर तो तसाच सुटा राहिला आहे, आणि एकच गोळा हाताला लागला, तर वाटेत कोठेतरी तो वितळून पुन्हा गोठला असण्याची दाट शक्यता आहे.

पुतणी : म्हणजे काकांच्या शास्त्राला वाटेवरच्या टेंपोची साथ हवी. कारखान्यापासून घरापर्यंत तापमान अखंड राखणाऱ्या या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात, आणि तिच्यातील कोणती कडी केव्हा ढिली झाली हे पाकिटावर छापलेले नसते. छापलेली तारीख गृहीत धरते की, सर्वांनी आपले काम चोख केले.

कोळंबी

दुसऱ्या पाकिटाशी काकांचे आयुष्य जोडलेले असल्यामुळे येथे पुतणी प्रश्नकर्त्याच्या भूमिकेत येते. मात्र तिचा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासेखाऊ घरातला आहे. कोळणीच्या टोपलीपुढे उभे राहून विचारला जाणारा ‘ताजी की बर्फातली?’ हा सवाल भावाचाही असतो आणि विश्वासाचाही.

पुतणी : मासळी पारखताना घरातली माणसे कल्ल्यांची लाली बघत, डोळा फुगीर आहे की खोल गेला आहे ते बघत, बोटाने दाबून मांस पुन्हा वर येते का ते बघत. सोललेल्या, गोठलेल्या कोळंबीला ना डोके ना डोळा. पारखण्याची सगळी चिन्हे कारखान्यातच काढून टाकल्यावर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा कशावर?

काका : ज्यावर परदेशी गिऱ्हाइकाने इतकी वर्षे ठेवला, त्यावर. भारतातून गोठवलेली कोळंबी १९५० च्या दशकापासून परदेशी जात आहे, आणि या व्यापाराच्या वाढीसाठी सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले. अमेरिका, जपान आणि युरोपातील लोक किनाऱ्यावरची निवडक कोळंबी गोठलेल्या रूपात खात होते, त्या काळात इथल्या घरांत ‘बर्फातली’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला जाई. अर्थात बर्फात ठेवलेली मासळी आणि गोठवलेली मासळी या वेगळ्या गोष्टी आहेत : पहिली शून्याच्या आसपास राहते आणि दिवसागणिक उतरत जाते, दुसरी जवळपास थबकते.

पुतणी : या कोळंबीवर बर्फाचा काचेसारखा थर आहे. तो वजन वाढवण्यासाठी नाही, असे म्हणायचे का?

काका : त्याला ग्लेझ म्हणतात. गोठलेल्या पदार्थाच्या पृष्ठभागावरील बर्फ कोरड्या थंड हवेत न वितळताच थेट वाफ होऊन उडतो. या क्रियेला संप्लवन म्हणतात, आणि ती झाली की मांसावर पांढरट, कोरडे, चामट डाग पडतात. ग्लेझचा लेप स्वतः उडून जातो आणि आतल्या मांसाला वाचवतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पाकिटावरचे निव्वळ वजन हा लेप वगळून सांगायचे असते. लेपाच्या आडून पाणी विकणारा व्यापारी निघू शकतो, ही शंका रास्त आहे; पण ती शंका तराजूवर घ्यावी, थंडीवर नव्हे.

पुतणी : आणि गोठवल्याने जंतू मरतात, हा समज?

काका : तो समज घातक आहे. बहुतेक जिवाणू गोठवणीत निपचित पडतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून कोळंबीचे पाकीट ओट्यावर तासन्‌तास उघडे ठेवून वितळवू नये. ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भांड्यात ठेवावे, आणि एकदा वितळलेला माल पुन्हा गोठवू नये.

पराठे

तव्यावर टाकलेल्या पराठ्याचे पदर सुटू लागतात तेव्हा वाद तापमानावरून सरकून ‘शिळे’ या शब्दावर येतो. मराठीत हा शब्द नुसता काळ सांगत नाही, तो प्रतिष्ठाही ठरवतो. रात्र उलटलेल्या अन्नाला संस्कृतात पर्युषित म्हणतात, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात अशा अन्नाची गणना तामस आहारात केलेली आहे.

पुतणी : ज्या संस्कृतीने तव्यावरून थेट पानात येणारी पोळी हा जेवणाचा मानदंड मानला, तिने दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात महिन्यांपूर्वी लाटलेला पराठा ताजा म्हणून स्वीकारावा, हे शब्दांचे दिवाळे आहे.

काका : त्याच परंपरेने अपवादही केले. तेला-तुपाने युक्त अन्न शिळे झाले तरी खाण्यास हरकत नाही, अशी सूट मनुस्मृतीतच आहे. प्रवासासाठी पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशमी करत, कारण ती टिके आणि सोवळ्यालाही चाले. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याचाच नेम आहे. शिवाय फोडणीची पोळी ज्या घरात आवडीने खाल्ली जाते, त्या घराने शिळ्यावर फार कडक बोलू नये.

पुतणी : दशमी कोणी केली, केव्हा केली, तिच्यात काय घातले, हे खाणाऱ्याला ठाऊक असे. या पराठ्याची ओळख पटवताना तर सरकारचीही तारांबळ उडाली. वस्तू व सेवा करात साध्या पोळीला, रोटीला पाच टक्के दर होता. पण २०२० मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने, म्हणजे व्यवहारापूर्वीच कराचा अर्थ सांगणाऱ्या यंत्रणेने, पाकीटबंद परोटा खाण्यापूर्वी पुन्हा भाजावा लागतो म्हणून तो रोटी नव्हे, असे ठरवून अठरा टक्क्यांचा दर लावला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने पराठा, परोटा आणि तत्सम पोळ्यांवरचा कर शून्यावर आणला. पाच वर्षे जो पदार्थ पोळी आहे की नाही हे ठरत नव्हते, त्याला स्वयंपाक म्हणायचे की माल?

काका : अर्धा स्वयंपाक म्हणावे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुढे नेता येणार नाही : गरम पोळीचा मानदंड उभा राहिला तो कोणीतरी शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत तव्यापाशी उभे राहिल्यामुळे, आणि ती व्यक्ती जवळजवळ नेहमी घरातली बाई होती. ताजेपणाचा अभिमान सांगणारे बहुधा पाटावर बसलेले असतात. पाकिटातल्या पराठ्याने तिला अर्धा तास दिला, तर त्या अर्ध्या तासाची किंमत चवीच्या हिशेबात धरायला नको का?

पुतणी : धरायला हवीच, आणि इथे काकांचे पारडे जड आहे. तरी दोन शंका उरतात. पहिली ही की, लाटण्याचे कष्ट नाहीसे झालेले नाहीत. ते थंड कारखान्यात उभे राहून पाळी भरणाऱ्या अनोळखी हातांकडे गेले, आणि त्या हातांना काय मिळते हे पाकीट सांगत नाही. दुसरी ही की, वाचलेला अर्धा तास त्या बाईच्या वाट्याला राहतोच असे नाही. ज्या घरात स्वयंपाकाची वाटणी झाली नाही, तिथे पाकीट आणणे, ते उरले-संपले बघणे, वेळेवर बाहेर काढणे हीही तिचीच कामे होतात.

आलू टिक्की

या पाकिटापाशी संवादाला वेगळे वळण मिळते, कारण आतापर्यंत ‘फ्रोझन’ हा एकच गठ्ठा मानून दोघेही बोलत होते. पुतणी तो गठ्ठा सोडते.

पुतणी : गोठवणे हे तापमानाचे नाव आहे, पदार्थाच्या गुणाचे नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठात कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हा नावाची वर्गवारी मांडली, तिच्यात अन्नावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून चार गट केले आहेत. साधा गोठवलेला मटार पहिल्या गटात, म्हणजे ताज्या भाजीच्याच पंक्तीत, बसतो. याउलट ज्या टिक्कीच्या घटकयादीत बटाट्याबरोबर वेगळा काढलेला स्टार्च, स्वादवर्धक, पोत टिकवणारी द्रव्ये असे घरच्या स्वयंपाकघरात न सापडणारे घटक येतात, ती चौथ्या, अतिप्रक्रियायुक्त गटात जाते. दोन्ही पाकिटे शेजारी-शेजारी एकाच फ्रीजरमध्ये ठेवून दुकान त्यांना एकच आडनाव देते.

काका : बटाटा उकडून, कुस्करून, आधी हलका तळून गोठवला, यात एवढे वाईट काय?

पुतणी : तेवढेच केले असते तर काहीच नाही. पण टिक्की कारखान्यात एकदा तळली जाते, घरी दुसऱ्यांदा तळली जाते, आणि तिच्यातले मीठ खाणाऱ्याच्या हाती राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते; पाकिटावर मात्र मीठ या नावाने नव्हे, तर सोडियम या नावाने मिलिग्रॅममध्ये आकडा असतो, आणि त्याला सुमारे अडीचने गुणल्यावर मिठाचा अंदाज येतो. हा आकडा बहुधा शंभर ग्रॅमचा असतो, आणि टिक्क्या कोणी वजन करून खात नाही.

काका चष्मा चढवून घटकयादी वाचतात आणि या पाकिटापुरती हार मान्य करतात. मात्र ते इतकेच जोडतात की, ही हार थंडीची नसून पाककृतीची आहे. पुतणीलाही नेमके हेच म्हणायचे असल्यामुळे दोघांत प्रथमच एक समान भूमी तयार होते.

मोदक

उकडीचा मोदक हा गोठवणीच्या दृष्टीने कठीण पदार्थ आहे. तांदळाच्या पिठाला उकड काढताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. थंड होताना त्यातील रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून ओळीत बसू लागतात, पाणी बाहेर ढकलतात, आणि पारी वातड होते. स्टार्चच्या या माघारी वळण्याचा वेग फ्रिजच्या खालच्या कप्प्यातील तापमानात सर्वाधिक असतो, तर उणे १८ अंशांत तो जवळपास थांबतो. त्यामुळे उरलेले मोदक फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कडक पारी मिळते, आणि झटपट गोठवलेला मोदक न वितळवता थेट वाफेवर ठेवला तर तो पुष्कळ अंशी मऊ होतो.

पुतणी : पारी मऊ झाली, सारणही बरे आहे. तरी कळ्या सगळ्या एका मापाच्या आहेत, हे पाहून चैन पडत नाही. आणि नैवेद्य?

काका : नैवेद्याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पण न्यू जर्सीत किंवा शिकागोत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला चतुर्थीची सुटी नसते, नारळ खवायला संध्याकाळ उरत नाही. शिकागोत १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान उघडले; अशा भारतीय किराणा दुकानांच्या फ्रीजरमधले खवलेले खोबरे, मेथी आणि मोदक यांच्यावर तिथले सण उभे राहतात. तिथे प्रश्न ताजा की गोठलेला असा नसतो, मोदक होणार की नाही असा असतो.

पुतणी : तिथे तो मोदक आठवण टिकवतो, हे खरे. पुण्यात, जिथे पिठी, गूळ आणि नारळ कोपऱ्यावर मिळतात आणि शिकवायला घरात माणसे आहेत, तिथे तोच मोदक हातातली कळा विसरायला लावू शकतो. एकाच पाकिटाचा गुण ठिकाण बदलले की बदलतो.

बेगमीची पारख

पाचही पाकिटे संपल्यावर दोन्ही पक्षांची स्थिती सुरुवातीसारखी राहिलेली नाही. काकांनी गोठवणीचा कैवार सोडलेला नाही, पण साखळी तुटली तर शास्त्र पांगळे होते आणि वाईट पाककृतीला थंडी सुधारत नाही, या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. पुतणीने शंका सोडलेली नाही, पण तिची शंका आता थंडीवर नसून अनोळखीपणावर आहे.

पुतणी : वाळवणाच्या बेगमीत सगळे ज्ञान घरात होते. पापडखार किती, ऊन किती, डब्यात भरण्याची वेळ कोणती, हे आजीला विचारता येत असे, आणि चूक झाली तर ती कोणाची हेही कळे. गोठवणीची बेगमी बाजारात गेली, तेव्हा कष्टांबरोबर ते ज्ञानही गेले. घराकडे उरले ते फक्त पाकीट फाडणे.

काका : पाकीट फाडण्याआधीचे पुष्कळ उरते, कारण शीतसाखळीची शेवटची कडी घर आहे. फ्रीजरमध्ये आखलेल्या रेषेच्या वर रचलेले पाकीट उचलू नये, कारण तिथे थंड हवा पोहोचत नाही. पाकिटाच्या आत बर्फाचा भुगा साचलेला असेल तर तापमान वर-खाली झाले असे समजावे. गोठलेला माल खरेदीच्या शेवटी घ्यावा, जाड पिशवीत गुंडाळून थेट घरी न्यावा, आणि वीज गेली असताना फ्रीजरचे दार उघडू नये. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या महाराष्ट्राला हे शेवटचे निराळे शिकवायला नको.

पुतणी : म्हणजे काका आजीचेच काम सांगत आहेत. कुरडई वाळली की नाही हे ती मोडून बघत असे. कट्‌ असा आवाज आला तरच डब्यात भरायची, नाहीतर पुन्हा उन्हात.

काका : आणि मटारची पिशवी कानाशी धरून हलवायची. खुळखुळली तरच टोपलीत, नाहीतर पुन्हा फ्रीजरमध्ये.